‘मेन’ कोणी बुडवले? : उत्तरसूची तयार करणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
इतिहासाची पाठ्यपुस्तके, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शक पुस्तके व सराव प्रश्नसंच लिहिणारे आणि तपासणारे सर्व मान्यवर यांस,

स. न. वि. वि.

माझी नात स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. गेल्या महिन्यात ती एक सराव प्रश्नसंच घेऊन माझ्याकडे आली. जगाच्या इतिहासावरील प्रश्नांत एक प्रश्न असा होता : ‘1898 साली हवाना बंदरात अमेरिकेची मेन ही युद्धनौका कोणी बुडवली?’ पर्याय चार होते : स्पेन, क्यूबातील बंडखोर, खुद्द अमेरिका आणि ‘यांपैकी नाही’. तिने चौथा पर्याय निवडला होता, कारण लहानपणापासून मी तिला जहाजांच्या ज्या गोष्टी सांगत आलो, त्यांत हीही एक होती. उत्तरसूचीत मात्र ‘स्पेन’ होते. त्याच आठवड्यात तिने दुसऱ्या एका मार्गदर्शक पुस्तकातला परिच्छेद मला दाखवला. त्यात युद्धाला निमित्त हवे होते म्हणून अमेरिकेनेच आपले जहाज उडवून दिले, असे तितक्याच ठामपणे छापलेले होते. मी नातीला सांगितले की तुझेही उत्तर बरोबर नाही. कारण ‘यांपैकी नाही’ म्हणायलासुद्धा खरे काय झाले ते ठाऊक असावे लागते. यावर ती माझ्यावरच चिडली आणि तिचे चिडणे रास्त होते.

कोणा एका प्रकाशकाविरुद्ध ही तक्रार नाही, म्हणून पुस्तकांची नावे येथे देत नाही. मी इतिहासकारही नाही. व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये माझी 32 वर्षे गेली आणि त्यांतली बरीचशी कोळसा वाहून नेणाऱ्या जहाजांवर गेली. ‘मेन’च्या प्रकरणात कोळशाचा संबंध येतो, म्हणून मी त्याच्या वाटेला गेलो आणि गेली कित्येक वर्षे सवडीने त्याविषयी वाचत राहिलो. त्या वाचनाच्या बळावर आपल्याला एक विनंती करावयाची आहे. ती अशी की, या जहाजाच्या स्फोटाचे कारण निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही, हे आपण स्पष्ट शब्दांत छापावे, आणि कारण सिद्ध झालेले नसतानाही युद्ध कसे झाले, हे विद्यार्थ्याला सांगावे. परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणून आपण ज्या ओळी जाड ठशात छापता, त्या या दुसऱ्या भागातून घ्याव्यात.

आधी घटना. क्यूबात 1895 च्या फेब्रुवारीपासून स्पेनच्या राजवटीविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटलेले होते. स्पेनचा सेनापती जनरल वेयलर याने खेड्यापाड्यांतली माणसे उठवून तटबंदीच्या गावांत कोंडली आणि तेथे उपासमारीने व रोगराईने लाखाच्या वर माणसे मेली. 1898 च्या जानेवारीत हवाना शहरात दंगल झाली. स्पेननिष्ठ लोकांनी, त्यांत लष्करी अधिकारीही होते, क्यूबाला दिलेल्या स्वायत्ततेच्या बाजूने लिहिणाऱ्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांवर हल्ला चढवला. आपल्या नागरिकांच्या जिवाला धोका आहे असे अमेरिकेला वाटले आणि 25 जानेवारी रोजी ‘मेन’ हवानाच्या बंदरात दाखल झाले. स्पेनने ते मैत्रीची भेट म्हणून स्वीकारले, निदान कागदोपत्री तरी. स्पॅनिश वाटाड्याने दाखवलेल्या बोयाला ते बांधण्यात आले आणि तीन आठवडे तेथेच उभे राहिले.

15 फेब्रुवारीच्या रात्री 9 वाजून 40 मिनिटांनी जहाजाचा पुढचा भाग स्फोटाने फाटला. कप्तान चार्ल्स सिग्सबी मागच्या बाजूच्या आपल्या केबिनमध्ये घरी पाठवायचे पत्र लिहून संपवत होता. अधिकारी मागे राहत आणि खलाशी पुढे, स्फोट झाला तोही पुढेच. त्यामुळे जहाजावरील सुमारे 350 जणांपैकी जे 260 हून अधिक दगावले, त्यांत अधिकारी दोनच होते. शेजारी उभ्या असलेल्या ‘अल्फोन्सो बारावा’ या स्पॅनिश युद्धनौकेच्या होड्या, स्वतःकडचा दारूगोळा कधीही पेट घेईल अशा त्या जळत्या सांगाड्याजवळ जाऊन, पाण्यातली माणसे उचलत होत्या. आपल्या पुस्तकांत स्पेन या गोष्टीत फक्त आरोपी म्हणून येतो, म्हणून हे नमूद करतो.

त्या रात्री सिग्सबीने वॉशिंग्टनला जी तार पाठवली, तिच्यात एक वाक्य आहे : पुढील अहवाल येईपर्यंत लोकमत स्थगित ठेवावे. ज्याचे जहाज नुकतेच पायाखालून गेले आहे, ज्याची अडीचशेवर माणसे पाण्यात आहेत, त्या माणसाने लिहिलेले हे वाक्य आहे. माझ्या मते या सबंध प्रकरणातले सर्वांत शहाणपणाचे वाक्य तेच, आणि ते सर्वांत कमी पाळले गेले. नौदल खात्याचा उपमंत्री थिओडोर रूझवेल्ट याने दुसऱ्याच दिवशी एका खासगी पत्रात हे स्पॅनिशांच्या विश्वासघाताचे कृत्य आहे असे लिहून टाकले. तिसऱ्या दिवशी हर्स्टच्या ‘न्यूयॉर्क जर्नल’ने हा शत्रूचाच हात असल्याचा मथळा दिला आणि गुन्हेगार शोधून देणाऱ्यास 50,000 डॉलरचे बक्षीस जाहीर केले. पुलित्झरच्या ‘वर्ल्ड’ने बाँब की पाणतीर असा प्रश्न विचारला खरा, पण अपघात हा पर्याय त्या प्रश्नात नव्हताच. आपल्या चार पर्यायांतही तो नाही, हे जाता जाता लक्षात आणून देतो.

आता चौकशीकडे वळतो, कारण तुमच्या पुस्तकांत ‘चौकशीत स्पेन दोषी ठरला’ हे वाक्य हमखास असते आणि ते साफ चुकीचे आहे. कप्तान विल्यम सॅम्पसन यांच्या अध्यक्षतेखाली अमेरिकी नौदलाचे चौकशी मंडळ 21 फेब्रुवारीला हवानात बसले. पाणबुड्यांनी गढूळ पाण्यात हातांनी चाचपून जे सांगितले, त्यावर मंडळाची मुख्य भिस्त होती. 18 व्या क्रमांकाच्या फासळीजवळ (जहाजाच्या सांगाड्याच्या आडव्या बरगड्यांना पुढून मागे असे क्रमांक असतात) जहाजाची कील, म्हणजे तळाचा कणा, उलट्या ‘व्ही’सारखी वर मोडलेली होती आणि तळाचे पत्रे, जहाज धडपणे बुडाले असते तर जिथे असते तिथून, सुमारे 34 फूट वर आलेले होते. शिवाय काही साक्षीदारांनी दोन स्फोट ऐकले होते. यावरून मंडळाने असा निष्कर्ष काढला की आधी तळाखाली पाणसुरुंग फुटला आणि त्यामुळे पुढची दोन किंवा अधिक दारूची कोठारे अंशतः उडाली. मात्र, या कृत्याची जबाबदारी कोणा व्यक्तीवर वा व्यक्तींवर निश्चित करता येईल असा पुरावा मिळाला नाही, हेही त्याच अहवालात लिहिलेले आहे. म्हणजे ज्या अहवालाचा आधार घेऊन आपण ‘स्पेन’ या उत्तरावर बरोबरची खूण करता, त्या अहवालात स्पेन दोषी असल्याचे म्हटलेले नाही.

नौदलाने स्वतःचीच चौकशी स्वतः केली, ही गोष्टही विसरण्याजोगी नाही. स्फोट आतून झाला असे ठरले असते, तर दोष कोळशावर लक्ष न ठेवणाऱ्यांवर, जहाजाचा आराखडा करणाऱ्यांवर आणि अखेर कप्तानावर आला असता. बाहेरून झाला असे ठरले की सगळे मोकळे. मी सॅम्पसन यांच्या सचोटीवर शंका घेत नाही. पण जहाजावरच्या प्रत्येक अपघातानंतर आपल्या खात्याची चूक नव्हती असे सांगणारी माणसे मी पाहिली आहेत आणि दोनदा तसा कागद मीही लिहिला आहे. नौदलाच्या दारूगोळ्याचे जाणकार फिलिप अल्जर यांनी पहिल्याच आठवड्यात वृत्तपत्राला सांगितले होते की एवढा संहार कोणत्याही ज्ञात पाणतिराने होणार नाही, कोठार आतून उडाले असावे. यावर रूझवेल्ट भडकला होता. नौदलाचे मुख्य अभियंता जॉर्ज मेल्व्हिल यांनाही तसेच वाटत होते. त्यांचे म्हणणे चौकशीत आलेच नाही.

स्पेनने संयुक्त चौकशी सुचवली, ती अमेरिकेने नाकारली. मग स्पेनने आपली चौकशी वेगळी केली. जहाजाजवळ जाऊ दिले जात नसल्यामुळे तिचा भर साक्षींवर आणि तर्कावर राहिला, पण तो तर्क आजही वाचण्यासारखा आहे. सुरुंग पाण्याखाली फुटला असता तर पाण्याचा उंच स्तंभ उठला असता. तो कोणी पाहिला नाही. मेलेले मासे तरंगताना दिसले नाहीत. त्या रात्री वारा आणि पाणी दोन्ही शांत होते, त्यामुळे जहाज आपोआप सुरुंगावर जाऊन आदळणे संभवत नव्हते, तो विजेच्या तारेने उडवावा लागला असता. आणि अशी तार कोणाला सापडली नाही. या मुद्द्यांनाही मर्यादा आहेत. स्फोट ऐकून वळून पाहणाऱ्याला पहिल्या क्षणी काय दिसले नाही, हा फार भक्कम पुरावा नव्हे. पण चौकशी दोन्ही बाजूंनी झाली आणि निष्कर्ष उलट निघाले, एवढे तरी विद्यार्थ्याला कळायला हवे की नको?

सॅम्पसन मंडळाचा अहवाल 28 मार्चला अमेरिकी काँग्रेसपुढे, म्हणजे तेथील संसदेपुढे, आला. त्याआधीच, 9 मार्चला, काँग्रेसने संरक्षणासाठी 5 कोटी डॉलर मंजूर केले होते. 17 मार्चला सिनेटर रेडफील्ड प्रॉक्टर यांनी क्यूबाचा दौरा करून आल्यावर जे भाषण केले, त्याने युद्धाविषयी साशंक असलेल्या बऱ्याच लोकांचे मत फिरले, आणि त्या भाषणात त्यांनी ‘मेन’ हे हस्तक्षेपाचे कारण मानण्यास मुद्दाम नकार दिला होता. त्यांचा भर कोंडलेल्या खेडुतांच्या हालांवर होता. अध्यक्ष मॅकिन्ली यांचा 11 एप्रिलचा संदेश तर प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावा असा आहे. त्यात ते स्पेनने जहाज उडवले असे म्हणत नाहीत. बाह्य कारण कोणतेही असो, ‘मेन’चा नाश हा क्यूबातील असह्य परिस्थितीचा उघड पुरावा आहे, कारण मित्रत्वाच्या भेटीस आलेल्या जहाजाला स्वतःच्या बंदरात सुरक्षित ठेवणे स्पेनला जमत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्याच संदेशात ते हेही नोंदवतात की निःपक्षपाती तज्ज्ञांकडून सत्यशोधन करावे आणि त्यांचा निर्णय आम्ही आधीच मान्य करतो, असा प्रस्ताव स्पेनने मांडला आहे. त्यानंतर एकच छोटे वाक्य येते : यास मी उत्तर दिलेले नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. खरे काय घडले हे ठरवण्याचा मार्ग समोर आलेला आहे, तो आला असल्याचे आपण लेखी कबूल करीत आहोत, आणि त्यावरून न जाण्याचा निर्णयही त्याच कागदावर आहे. ‘कोणी बुडवले’ या प्रश्नापेक्षा ‘हे उत्तर का दिले गेले नाही’ हा प्रश्न परीक्षेत घालावा, असे माझे प्रामाणिक मत आहे. 25 एप्रिलला अमेरिकेने युद्ध जाहीर केले आणि ते 21 तारखेपासून सुरू असल्याचे मानले. ऑगस्टच्या मध्यापर्यंत लढाई आटोपली. 10 डिसेंबरच्या पॅरिसच्या तहाने स्पेनने क्यूबावरील हक्क सोडला, पोर्तो रिको व ग्वाम अमेरिकेला दिले आणि 2 कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्सही दिले. हवानाच्या बंदरातील स्फोटाशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता, त्या फिलिपिनो लोकांना पुढच्याच फेब्रुवारीपासून नव्या मालकाशी लढावे लागले.

जहाजाचे काय झाले, तर ते हवानाच्या चिखलात तेरा वर्षे पडून राहिले. अखेर 1910 साली काँग्रेसने ते उचलण्यास मंजुरी दिली, सैन्याच्या अभियंत्यांनी त्याभोवती पोलादी पत्र्यांच्या मोठाल्या नळकांड्यांचा बांध घातला, नळकांडी गाळाने भरली आणि आतले पाणी उपसून सांगाडा उघडा पाडला. त्या काळच्या मानाने हे काम अचाट होते. माझ्यासारख्या माणसाने त्याची छायाचित्रे तासन् तास पाहत बसावे असे. 1911 च्या अखेरीस रिअर अॅडमिरल व्ह्रीलँड यांच्या मंडळाने उघड्या डोळ्यांनी, कोरड्या जागी उभे राहून सांगाड्याची तपासणी केली. त्यांनी काय ठरवले? सॅम्पसन मंडळाने सुरुंगाचा मुख्य पुरावा मानलेली 18 व्या फासळीजवळची ती उलटी ‘व्ही’ सुरुंगाची नव्हेच, ती आतल्या कोठाराच्या स्फोटाने झाली, असे त्यांनी मान्य केले. पण आणखी मागे, 28 ते 31 या फासळ्यांच्या दरम्यान, तळाचा एक पत्रा आत वाकलेला त्यांना सापडला आणि तेथे बाहेरून कमी शक्तीचा स्फोट होऊन सहा इंची तोफांच्या राखीव दारूचे कोठार पेटले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजे पहिल्या निकालाचा पाया त्यांनी काढून घेतला आणि निकाल मात्र दुसऱ्या पायावर तसाच उभा ठेवला. त्यानंतर सांगाड्याचा मागचा भाग तरंगता करून, खोल समुद्रात नेऊन, 16 मार्च 1912 रोजी लष्करी मानवंदनेसह बुडवण्यात आला. मृतांचा सन्मान झाला, यात वाद नाही. पण पुढच्या प्रत्येक पिढीला आता छायाचित्रांवरच भागवावे लागते.

योगायोग असा की, व्ह्रीलँड मंडळ बसण्याच्या थोडेच आधी, 25 सप्टेंबर 1911 रोजी, तूलाँ बंदरात ‘लिबेर्ते’ ही फ्रेंच युद्धनौका स्वतःच्याच बिघडलेल्या दारूने उडाली होती. त्याच बंदरात 1907 साली ‘इएना’ तशीच गेली होती. 1905 साली जपानची ‘मिकासा’ सासेबो बंदरात कोठाराच्या स्फोटाने बुडाली, तीही युद्ध संपल्यावर. नांगरलेली युद्धनौका शत्रूशिवाय उडू शकते, हे 1898 साली जितके अविश्वसनीय वाटत होते, तितके 1911 साली राहिलेले नव्हते.

आता कोळसा. 1976 साली अणुपाणबुड्यांचे जनक म्हणून ओळखले जाणारे अॅडमिरल हायमन रिकोव्हर यांनी हा विषय पुन्हा हाती घेतला आणि हॅन्सन व प्राइस या नौदलाच्या दोन तज्ज्ञांकडून 1911 ची छायाचित्रे व आराखडे तपासून घेतले. सुरुंगाने फाटलेल्या पत्र्यांवर जशा खुणा असाव्यात, तशा त्यांना दिसल्या नाहीत. आत वाकलेल्या पत्र्याचा खुलासा आतल्या स्फोटाने आणि पाण्याच्या उलट लोंढ्याने होऊ शकतो, असे त्यांचे मत पडले. राखीव दारूच्या कोठाराला लागूनच ए-16 क्रमांकाचा कोळशाचा बंकर (कोळसा साठवण्याची कोठी) होता आणि त्यातल्या कोळशाने आपोआप पेट घेतला असणे हे सर्वांत संभवनीय कारण, असे रिकोव्हर यांनी मांडले.

‘कोळसा आपोआप पेटतो’ हे ऐकून नात हसली होती, आणि आपल्यापैकीही काहींना हसू येईल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कोळसा हवेतला प्राणवायू सावकाश घेत असतो आणि त्यात उष्णता निर्माण होते. ढीग लहान असेल तर ती निघून जाते. बंद जागेत, चुऱ्याचे प्रमाण जास्त असेल, ओल असेल आणि हवा थोडीशीच खेळत असेल, तर ती साठत जाते आणि ढिगाच्या पोटात कोळसा धुमसू लागतो. वरून धूरही दिसत नाही. आमच्या वेळी कोळशाच्या होल्डमध्ये (माल भरण्याच्या जागेत) पाइपातून थर्मामीटर सोडून दिवसाकाठी तापमान घ्यावे लागे आणि हॅचखालच्या (होल्डच्या झाकणाखालच्या) हवेत कार्बन मोनॉक्साइड किती आहे ते मोजावे लागे. तापमान 55 अंशांकडे सरकू लागले की कप्तानाची झोप उडे. एकदा इंडोनेशियाहून भरलेला कोळसा आमच्या जहाजात तापला होता. हॅचवर हात ठेवला तर लोखंड रोजच्यासारखेच लागत होते आणि खाली वायूचा आकडा रोज चढत होता. आम्ही झडपा बंद करून, फटींना टेप लावून हवा कोंडली आणि बंदर येईपर्यंत देवाचे नाव घेतले. आमच्याजवळ निदान मोजायची साधने होती आणि शेजारी दारूचे कोठार नव्हते.

‘मेन’च्या काळातल्या आराखड्यांत शत्रूच्या गोळ्यांपासून संरक्षण म्हणून कोळशाचे बंकर जहाजाच्या कडेने ठेवत आणि त्यांच्या आतल्या बाजूस कोठारे येत. मधे पोलादी भिंत. त्यातच अमेरिकी नौदलाने अधिक वाफ मिळावी म्हणून अँथ्रासाइटऐवजी बिट्युमिनस कोळसा वापरण्यास सुरुवात केली होती, आणि तो पेट घेण्यास अधिक तत्पर. बंकरला आगी लागणे ही त्या वर्षांतली नित्याची डोकेदुखी होती. ‘न्यूयॉर्क’ आणि ‘सिनसिनाटी’ या अमेरिकी नौकांवर अशा आगींची धग कोठारांपर्यंत पोचली होती आणि मोठा अनर्थ थोडक्यात टळला होता.

एवढे लिहिल्यावर ‘तेव्हा कोळशानेच घात केला’ असे मी म्हणेन, अशी आपली अपेक्षा असेल. माझा कल तिकडे आहे, हे लपवत नाही. पण ज्या धंद्यात आयुष्य गेले त्याच धंद्यातले कारण माणसाला पटकन पटते, हेही मला ठाऊक आहे. ए-16 बंकरची त्या दिवशी तपासणी झाली होती आणि काही वावगे आढळले नव्हते, अशी साक्ष आहे. त्याच्या भिंती बऱ्याच बाजूंनी ये-जा करणाऱ्यांच्या हाताला लागत होत्या, मग कोणालाच धग कशी जाणवली नाही, हा प्रश्न उरतो. 1998 साली, स्फोटाला शंभर वर्षे झाली तेव्हा, ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने एका सागरी अभियांत्रिकी संस्थेकडून संगणकावर प्रतिकृती करून घेतली. कोळशाची आग कोठार उडवू शकते, असे त्यात दिसले. पण तळाचा तो आत वाकलेला पत्रा पाहता सुरुंगाची शक्यता पूर्वी समजली जात होती त्याहून अधिक वाटते, असेही त्यात म्हटले गेले. त्या संस्थेतल्याच काही तज्ज्ञांना ते पटले नाही. समजा सुरुंगच असेल, तरी तो स्पेनच्या सरकारने लावला, माथेफिरू अधिकाऱ्यांनी लावला की अमेरिकेला युद्धात ओढू पाहणाऱ्या बंडखोरांनी लावला, याचा एकही पुरावा नाही. स्पेनच्या सरकारला तर अमेरिकेशी युद्ध टाळण्यातच हित होते.

दुसऱ्या पुस्तकातल्या ‘अमेरिकेनेच उडवले’ या वाक्याबद्दल. हे मत क्यूबात सरकारी आहे. हवानाच्या समुद्रकिनारी ‘मेन’च्या मृतांचे स्मारक आहे, 1961 साली त्याच्या शिरावरचा गरुड उतरवण्यात आला आणि क्यूबा बळकावण्याच्या हव्यासापायी साम्राज्यवादी अधाशीपणाने ज्यांचा बळी दिला त्यांचे हे स्मारक, अशा अर्थाचा नवा लेख बसवण्यात आला. त्या देशाने पुढे जे भोगले ते पाहता हा राग समजू शकतो. पण युद्धाचा फायदा कोणाला झाला यावरून स्फोट कोणी केला हे ठरवणे, म्हणजे विमा मिळाला म्हणून घर घरमालकानेच जाळले असे पंचनाम्यात लिहिणे होय. त्याच मापाने ‘वृत्तपत्रांनी युद्ध लावले’ हे वाक्यही जरा जपून लिहावे. तुम्ही चित्रे पाठवा, युद्ध मी पुरवतो, अशी हर्स्टने चित्रकार रेमिंग्टनला केलेली तार बहुतेक मार्गदर्शक पुस्तकांत असते. ती तार कोणालाही सापडलेली नाही. तिची हकिकत एका वार्ताहराने काही वर्षांनी सांगितली आणि तेव्हापासून ती पुस्तकामागून पुस्तकात उतरत आली. वृत्तपत्रांनी आग भडकवली हे खरे, पण मतदान काँग्रेसने केले आणि ते उत्तर न देण्याचा निर्णय अध्यक्षांनी घेतला.

मुंबईकराला यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ उडाले, तेव्हा जपान्यांनी हल्ला केला अशीच आवई शहरभर उठली होती. त्या जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटके होती आणि त्यांच्या वर-खाली कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी होत्या. गाठी दुपारपासून धुमसत होत्या, अग्निशमन दलाचे 66 जवान ती आग विझवता विझवता गेले, आणि चौकशीत अपघात हेच कारण निघाले. तेथे आग लागल्यापासून स्फोटापर्यंतचे दोन तास पाहणारे शेकडो लोक होते. हवानात असा एकही मिनिट कोणी पाहिला नाही.

आता आपल्याकडून नेमके काय हवे ते लिहितो. ‘मेन कोणी बुडवले’ हा प्रश्न बहुपर्यायी स्वरूपात विचारणे बंद करावे. विचारायचाच असेल, तर ‘कारण निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही’ हा एक पर्याय ठेवावा आणि उत्तरसूचीत तोच बरोबर धरावा. नवी आवृत्ती निघेल तेव्हा त्या एका ओळीच्या जागी पुढील मजकूर घालता येईल. तो मी नातीकडून लिहून घेतला आहे, फक्त दोन ठिकाणी माझा हात लागला आहे :

‘15 फेब्रुवारी 1898 रोजी अमेरिकेची मेन ही युद्धनौका हवाना बंदरात स्फोट होऊन बुडाली व 260 हून अधिक माणसे मरण पावली. अमेरिकी नौदलाच्या 1898 व 1911 च्या चौकशांनी बाह्य स्फोट हे कारण मानले, पण कोणालाही जबाबदार धरले नाही, आणि दुसऱ्या चौकशीने पहिलीचा मुख्य पुरावा अमान्य केला. स्पेनच्या चौकशीने व 1976 च्या अभ्यासाने स्फोट जहाजाच्या आत झाला असे मत दिले. निःपक्षपाती तपासणीचा स्पेनचा प्रस्ताव अमेरिकेच्या अध्यक्षांनी अनुत्तरित ठेवला व दोन आठवड्यांत युद्ध जाहीर झाले.’

परिच्छेद पाच ओळींत बसतो. जागेची अडचण येऊ नये. नातीचा तो एक गुण परत द्या असे मी म्हणत नाही, कारण तिचेही उत्तर चुकलेच होते.

कळावे,
आपला,
एक निवृत्त जहाज अभियंता,
मुंबई